पुस्तकांचा घोडा

अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन पर्वताच्या पलीकडे, आज जेथे टेनेसी राज्य आहे तेथे, १७८०च्या आगेमागे रस्ते कसले ते नव्हतेच. झाडांच्या बुंध्यांवर कुऱ्हाडीने घातलेल्या खुणा शोधीत वाटसरू पुढे सरकत. भूमी मूळची चेरोकी लोकांची. त्यामुळे नव्या वसाहतवाल्यांच्या उशाशी बंदूक असावयाची. अशा मुलखात एक तरुण पाद्री पायी चालत आला. त्याचा करडा घोडा पुढे होता खरा. परंतु त्याच्या पाठीवर होते पुस्तकांचे पोते!

सॅम्युएल डोक हे त्याचे नाव. जन्म १७४९, व्हर्जिनियातला. १७७५ मध्ये तो प्रिन्स्टनच्या कॉलेजातून पदवीधर झाला. पंथ प्रेस्बिटेरियन. आपल्या मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन हेही याच पंथाचे. उपदेशकाला लॅटिन-ग्रीक आलेच पाहिजे असा या मंडळींचा कटाक्ष. तेव्हा चर्चपाठोपाठ शाळा आलीच! १७८३ मध्ये डोकच्या शाळेला सनद मिळाली आणि १७९५ मध्ये तिचे ‘वॉशिंग्टन कॉलेज’ झाले.

१७८० च्या सप्टेंबरात किंग्ज माउंटनच्या लढाईस निघालेल्या सैनिकांना त्याने आशीर्वाद दिला, ही कथा तिकडे अद्याप आवडीने सांगतात. आम्हांला मात्र त्याच्या घरातली कथा अधिक मोलाची वाटते.

स्वातंत्र्याच्या या उपासकाच्या पदरी गुलाम होते! एकदोन वर्षे नव्हे, चांगली अनेक वर्षे. ग्रीक शिकविणाऱ्या गुरूची चूल कोणी पेटवीत असेल, हे निराळे सांगावयास नको. परंतु त्याचे मन पालटत गेले, आणि गुलामगिरी हे पाप आहे असे तो विद्यार्थ्यांना सांगू लागला. जॉन रँकिन हा त्यांतलाच एक. १८१६ मध्ये तो या कॉलेजातून बाहेर पडला. डोकची नात त्याची पत्नी. त्याने भर चर्चमध्ये गुलामगिरीविरुद्ध तोंड उघडताच, ‘असेच बोलायचे असेल तर टेनेसी सोडा’ अशा अर्थाची समज त्याला मिळाली. त्याने टेनेसी सोडले!

गुरूने आपल्या गुलामांना मुक्त केले ते १८१८ च्या सुमारास, म्हणजे शिष्य बाहेर पडल्यावर. तोवर गुरूची सत्तरी जवळ आली होती. त्याच वर्षी कॉलेज थोरल्या मुलाकडे सोपवून तो टस्क्युलमला गेला आणि दुसऱ्या मुलाच्या शाळेत पुन्हा शिकवू लागला. १८३० मध्ये तो वारला.

तोवर रँकिन ओहायो नदीकाठच्या रिप्ली गावी टेकडीवर राहावयास गेला होता. नदीच्या दक्षिणेला केंटकी, म्हणजे गुलामगिरीचा मुलूख. रात्री नदी ओलांडून आलेल्या शेकडो पळालेल्या गुलामांना त्याच्या घरी आसरा मिळाला. त्या घराच्या खिडकीत दिवा तेवत असे, असे सांगतात.