राशोलचा रविवार, 1617

तुम्ही लातूरचे. कान तयार झालेत ते सप्ताहातल्या टाळांवर, पहाटेच्या काकड्यावर, ज्ञानेश्वरीच्या पारायणावर. तेच कान घेऊन चारशे वर्षं मागं चला, गोव्यातल्या साष्टीत, राशोलला. साल 1617, लेंटमधला रविवार. तिकडं अंबाजोगाईत दासोपंत नुकतेच समाधिस्थ झालेत. पैठणच्या नाथांना जाऊन अठरा वर्षं झालीत.

चर्चमध्ये बाकं नाहीत. गर्दीत सरकून तुम्ही जमिनीवरच बसता. लेंट म्हणजे उपासाचे दिवस, म्हणून ऑर्गन मुका आहे. लाकडी ठवणीवर एकच मोठं पुस्तक उघडलेलं, त्याभोवती गाणारे दाटीनं उभे. पुढं पोरं, मागं मोठी माणसं. पोरं इथलीच, चर्चच्या शाळेत अक्षरांबरोबर स्वरलिपी शिकलेली.

मोटेट, म्हणजे अनेक गळ्यांनी गायचं भक्तिगीत, सुरू होतं. भाषा लॅटिन, तुम्हाला अनोळखी. पोरांनी पहिली ओळ उचलली. आता झिलकरी तीच ओळ मागून धरतील, असं तुम्ही मनाशी म्हणता. पण दुसरा गळा पहिल्याची ओळ संपायची वाटच बघत नाही. तेच शब्द घेऊन तो वेगळ्या स्वरावर शिरतो. मग तिसरा, मग चौथा. मुख्य गायक कोण, साथीला कोण, सांगता येत नाही.

दुःखाचा शब्द येतो तेव्हा नीट ऐका. वरचा गळा आपला स्वर सोडत नाही, खालचे मात्र सरकलेले असतात. दोन स्वर एकमेकांना टोचतात. क्षणभर ते सहन होत नाही. मग वरचा एक पायरी खाली उतरतो आणि तुमचा अडकलेला श्वास सुटतो. शब्द न कळताही दुःख कळलेलं असतं. रोममध्ये पालेस्त्रीना आणि व्हिक्टोरिया या संगीतकारांनी अनेक गळ्यांच्या या बहुस्वरी गायनाची कला शिखराला नेली. मिशनऱ्यांबरोबर ते गोव्यात आलं.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपते, पण माणसं उठत नाहीत. एक जण पोथी उघडून गाऊ लागतो, आणि तुम्ही दचकता. ओवी! अस्सल मराठी ओवी! हे गेल्या वर्षी इथंच छापलेलं ‘क्रिस्तपुराण’. मराठी शब्द, पण छापलेले रोमन अक्षरांत, कारण देवनागरी खिळे नाहीत. ओव्या अकरा हजारांच्या घरात. लिहिणारा इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, 1579 साली गोव्यात उतरलेला.

शेजारच्या म्हाताऱ्याकडं बघा. त्याच्या लहानपणी साष्टीतली देवळं पाडली गेली, पोथ्या हिरावल्या गेल्या. जुन्या पुराणांच्या जागी आम्हाला काही द्या, ही बाटलेल्या लोकांची मागणी होती, हे खुद्द पुराणातच आलंय. हिरावलेल्या गोष्टी परत मिळाल्या नाहीत. ओवीची चाल तेवढी परत मिळाली. म्हातारा ओठ हलवतो, मान डोलवतो.

मोटेटनं तुम्हाला शब्दांवाचून हलवलं; ओवीनं आपल्या शब्दांत घरी आणलं. एकाच छपराखाली, एकाच सकाळी.

आता आपल्या काळात परत या. गोव्यात आजही लेंटमध्ये व्हायोलिन-क्लॅरिनेटच्या साथीनं मोटेट गातात. एकदा जाऊन ऐकाच. आणि लातूर-नांदेडच्या वाचनालयात ‘क्रिस्तपुराण’ मागा. नाथ आणि दासोपंत ज्या काळात लिहीत होते, त्याच काळातली ही मराठी आहे. तिच्यावर मराठवाड्याचाही तेवढाच हक्क आहे. मोठ्यानं वाचा, ओवी गळ्यासाठीच असते.