त्रिकोणातला आकडा

‘प्लास्टिक’ हा शब्द आपण सरसकट वापरतो. दुधाची पिशवी प्लास्टिक, पाण्याची बाटली प्लास्टिक, औषधाच्या गोळ्यांचं पाकीटही प्लास्टिक. शब्दांशी संसार केलेला माणूस म्हणून मला हे खटकतं. गहू, ज्वारी, बाजरी यांना नुसतं ‘धान्य’ म्हणून कुणी भाकरी थापायला बसत नाही. प्लास्टिकच्याही जाती आहेत आणि प्रत्येक जातीला तिची जन्मकथा आहे.

आपल्या सर्वांत ओळखीची जात म्हणजे पॉलिथीन. मार्च १९३३मध्ये इंग्लंडमध्ये विनिंग्टन इथल्या आयसीआयच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांनी इथिलीन वायू आणि बेंझाल्डिहाइड प्रचंड दाबाखाली तापवलं. हवी ती प्रक्रिया झाली नाही, पण पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. दुसऱ्या महायुद्धात हे पॉलिथीन रडारच्या तारांवर चढलं. युद्ध संपलं आणि ते बाजारात आलं. त्याच्या रेणूंच्या साखळ्यांना झाडासारख्या फांद्या असतात, म्हणून त्या दाटीनं बसत नाहीत. दुधाची पिशवी मऊ असते ती यामुळे. १९५३मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी कमी दाबाखाली जवळजवळ बिनफांद्यांच्या साखळ्या तयार केल्या. त्यातून ताठ पॉलिथीन मिळालं; शाम्पूच्या बाटल्या आणि तेलाचे कॅन त्याचेच. पुढच्याच वर्षी इटलीत जुलिओ नत्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन घडवलं. ते साधारण १६० अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून गरम जेवणाचे डबे त्याचे करतात. या दोघांना १९६३चं नोबेल मिळालं.

पाण्याची पारदर्शक बाटली मुळात कापडाच्या घराण्यातली. १९४१मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी इंग्लंडमध्ये शोधलेल्या पदार्थाचा आधी टेरिलीन धागा झाला. पुढे १९७३मध्ये अमेरिकेत नॅथॅनिएल वायेथ यांनी त्याच्या बाटलीचं पेटंट मिळवलं. सोड्याचा वायू ही ‘पेट’ बाटली बराच काळ धरून ठेवते. गोळ्यांच्या पाकिटात बहुधा पीव्हीसी असतं; थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन.

१९८८मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेनं या जातींना आकडे दिले. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात छापलेला तो हाच आकडा : १ पेट, २ ताठ पॉलिथीन, ३ पीव्हीसी, ४ मऊ पॉलिथीन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ७ बाकी सारं. तो फक्त जात सांगतो. वस्तू सुरक्षित आहे किंवा तिचा पुनर्वापर होईलच, अशी हमी तो देत नाही.

हा भेद पाळावा लागतो, कारण पेट सुमारे २५० अंशांना वितळतं आणि त्या आधीच पीव्हीसी विघटित होऊन आम्लाचा वायू सोडतं. थोडं पीव्हीसी मिसळलं तरी पेटचा सारा माल बिघडतो. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं, पेट आणि पीव्हीसी बुडतं. कारखान्यांत निवड करताना याचाही उपयोग होतो.

आपल्याकडे मात्र पहिली निवड कचरावेचक बायांचे हात करतात. पुण्यात १९९३मध्ये त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. कुठला माल विकला जातो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, कारण त्यावर त्यांची चूल पेटते. वेफर्सचं चकचकीत पाकीट त्या सहसा उचलत नाहीत. प्लास्टिक आणि धातूचे चिकटलेले थर वेगळे करणं परवडत नाही. अशीच पाकिटं आणि पिशव्या गटारांत जाऊन बसतात. २६ जुलै २००५च्या मुंबईच्या पुरानंतर पातळ पिशव्यांवर बोट ठेवलं गेलं. २०१८मध्ये महाराष्ट्रानं बंदी अधिक व्यापक केली.

कायदा आपल्या जागी आहे. घरात आपल्या हातीही काही आहे. ओला कचरा वेगळा ठेवला, दुधाची पिशवी विसळून वाळवली, तर त्या बाईच्या मालाला भाव येतो. आणि पिशवी फोडताना कोपरा पूर्ण कापू नका, चीर देऊन तो पिशवीलाच लागलेला ठेवा. तुटलेला तो चिमुकला तुकडा वेचायला कुणाचाही हात पोहोचत नाही.