भिंतीवरचा ब्रह्मदेश

१/ अलिबाग, किहीम, मुरूड. रायगडच्या किनाऱ्यावरील एखाद्या बंगल्याच्या दिवाणखान्यात काळपट, कोरीव लाकडी फलक टांगलेला दिसला आणि यजमानांनी तो ‘जुना बर्मी’ असल्याचे सांगितले, तर जरा थांबावे. त्या लाकडाचा इतिहास मुंबईतून आणि कोकणातूनच जातो.

२/ या किनाऱ्याला सागवानाचे मोल फार पूर्वीपासून ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी राज्यातील साग परवानगीनेच तोडावा आणि उणे पडेल ते लाकूड परमुलखातून विकत आणावे, असे बजावले आहे. पुढे इंग्रजांच्या जहाजबांधणीने मलबारचा साग ओरबाडला. १८२६ मध्ये तेनासरीम हाती आल्यावर त्यांची नजर मौलमीनकडे वळली.

३/ १८६३ मध्ये ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ मुंबईत स्थापन झाली. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती साल व वरचे लाकूड कापून ते उभ्याउभ्याच वाळू देत. मग हत्ती ओंडके ओढ्यापर्यंत नेत आणि पावसाळ्याचे पाणी ते बंदराकडे वाहून नेई.

४/ १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने या कंपनीवर, नेले त्याहून कमी ओंडके दाखवल्याचा ठपका ठेवून सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. फ्रेंचांच्या वाढत्या वावराने अस्वस्थ झालेल्या इंग्रजांना निमित्त मिळाले. नोव्हेंबरात युद्ध सुरू झाले आणि महिना संपण्याआधी राजा थिबा कैद झाला. १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्य खालसा झाले. दंड अर्थातच कुणी भरला नाही!

५/ त्याच वर्षी थिबाला रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले. म्हणजे रायगडच्या दक्षिणेला, याच कोकणपट्टीत. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे.

६/ आता फलकाकडे. बर्मी लाकूडकोरणीला ‘पन्बू’ म्हणतात. परंपरेने मोजल्या जाणाऱ्या दहा कलांपैकी ती एक. राजवाडे आणि बौद्ध मठ सागवानी असत. दारे, कठडे, भिंती कोरलेल्या. मठात एकेका फलकावर जातककथेचा प्रसंग असे आणि शेजारच्या फलकांसह पाहिला की कथा उलगडे. सुटा फलक म्हणजे पोथीतून फाडलेले पान. म्हणूनच ‘अँटिक’ या शब्दाला भुलण्याआधी विचारावे: हा कोणत्या इमारतीचा? तिथून केव्हा, कुणी काढला? जुन्या धाटणीचे नवे कोरीवकामही बाजारात असते. ते निदान कुठला मठ उघडा पाडून आलेले नसते.

७/ मंडालेत नेमका उलटा प्रवास घडला होता. थिबाचे वडील राजा मिंदोन १८७८ मध्ये राजवाड्यातील एका सागवानी दालनात वारले. तिथे पित्याचा आत्मा वावरतो, अशी धास्ती थिबाने घेतल्याचे सांगतात. त्याने ते दालन उतरवून राजवाड्याच्या तटाबाहेर मठ म्हणून पुन्हा उभारले. हाच श्वेनान्दॉ मठ. एकेकाळी तो सोन्याने मढवलेला होता.

८/ मार्च १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत मंडालेचा राजवाडा जळून खाक झाला. तटाबाहेर नेलेले ते एक दालन मात्र वाचले. थिबाच्या पूर्वजांच्या घरातले कोरीव फलक आपापल्या जागी पाहायचे असतील, तर ते आज तिथे आहेत.