बऱ्हाणपूरचा पाणी देणारा सुभेदार

बऱ्हाणपूर म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात : जवळचा असीरगड आणि १६३१ साली त्या शहरी निवर्तलेली मुमताज महल. मुमताजचे शव पुढे आग्र्याला गेले आणि प्रवाशांचे लक्षही तिच्यामागून गेले. परंतु बऱ्हाणपूरच्या जुन्या वस्तीने ज्याचे ऋण मानावे तो पुरुष निराळाच आहे. अब्दुर्रहीम खानखानान हे त्याचे नाव.

बैरामखानाचा हा पुत्र १५५६ मध्ये लाहोरास जन्मला. हिंदी दोह्यांचा कर्ता रहीम तो हाच. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि तेव्हापासून सुमारे वीस वर्षे, मधला थोडा खंड सोडता, दख्खनच्या मोहिमेचा व या शहराच्या कारभाराचा भार त्याच्या शिरावर राहिला. रणांगणावर मात्र त्याला यशापेक्षा अपयशच अधिक आले. अहमदनगरचा मलिक अंबर आणि त्याच्या बाजूचे मराठे सरदार यांनी त्याला स्वस्थता म्हणून लाभू दिली नाही. दोन वर्षांत मोहीम संपविण्याचे वचन त्याने जहांगीरला दिले. ते फसले आणि १६१० मध्ये त्याला परत बोलावण्यात आले. १६१२ मध्ये त्यालाच पुन्हा पाठवावे लागले. दरबारी इतिहासकारांनी या जयापजयांचा हिशेब ठेवला आहे.

शहराचा हिशेब वेगळा होता. तापी उशाशी असली तरी तिचे पात्र खोल, घाट उंच, आणि उघडे पाणी शत्रूच्याही आवाक्यातले. वस्ती वाढत होती, छावणीचा भार होताच. १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीखालून तापीकडे झिरपणारे पाणी वाटेतच अडवून शहराकडे वळविण्याचे काम झाले. योजना इराणी पद्धतीची. एका ओळीने विहिरींसारख्या कुंड्या खणावयाच्या, त्या तळाशी बोगद्याने एकमेकींना जोडावयाच्या आणि बोगद्याला बेताचा उतार द्यावयाचा. मोट नको, रहाट नको. पाणी आपल्या भारानेच चालत येते. यामागचा तज्ज्ञ म्हणून तबकुतुल अर्ज हे नाव परंपरेने सांगतात. त्या शब्दांचा अर्थच ‘पृथ्वीचे थर’ असा आहे. तेव्हा हे नाव की लोकांनी दिलेली पदवी, असा प्रश्न पडतो. अशा एकंदर आठ योजना होत्या. त्यांतील शंभराहून अधिक कुंड्यांचा कुंडी भंडारा विशेष प्रसिद्ध असून लोकांच्या तोंडी त्याचा ‘खुनी भंडारा’ झाला आहे. नावात खून असला तरी पाणी निर्मळ!

त्याच १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील सर टॉमस रो या शहरी येऊन शाहजादा परवेझला भेटला. शहरातील घरे बहुतेक मातीची असल्याचे त्याने लिहून ठेवले. शाहजाद्याचे, खानखानानाचे व आणखी थोड्यांचे वाडे तेवढे त्याला वेगळे दिसले. मातीच्या त्या घरांखालून काय खटपट चालली होती, तिकडे त्याची दृष्टी गेली नाही.

आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. खानखानानाला सळो की पळो करून सोडणाऱ्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले आणि त्याच दशकात तेथेही जमिनीखालून नहर खेळविली. उभा जन्म एकमेकांशी झुंजलेल्या या दोघांनी आपापल्या शहराची तहान एकाच रीतीने भागवावी!

उतारवय सुखाचे गेले नाही. थोरला मुलगा शाहनवाजखान १६१९ मध्ये वारला. बऱ्हाणपुरात उतावळी नदीच्या काठी त्याची कबर आहे. शाहजहानच्या बंडात खानखानान गुंतला आणि १६२५ मध्ये दुसरा मुलगा दाराबखान मारला गेला. १६२७ मध्ये खानखानान स्वतः वारला व पत्नीसाठी बांधलेल्या दिल्लीच्या मकबऱ्यात विसावला.

आठ योजनांपैकी सहा आज शिल्लक आहेत. बोगद्यांच्या भिंतींवर चुन्याचे थर चढले आहेत, काही कुंड्या गाळाने बुजल्या आहेत, आणि आसपासचे रान तुटल्याने झरेही आटत चालले आहेत. २०२४ मध्ये खुनी भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंदले गेले.