पाण्याचा वेग : सीन नदीपासून हिंदमातापर्यंत

जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की दादर-परळच्या हिंदमाता परिसरात पाणी साचते, हा लालबाग-परळकरांचा कित्येक पिढ्यांचा अनुभव. अशा दिवशी 'पाऊस फार झाला' असे आपण म्हणतो. अभियंता मात्र आणखी एक प्रश्न विचारतो : पाणी बाहेर किती वेगाने जात होते? हा वेग मोजायला आणि त्याचा आधीच अंदाज बांधायला माणूस कसा शिकला, ते पाहू या.

एक साधा गुणाकार

गॅलिलिओचा शिष्य बेनेडेट्टो कास्टेली याने 1628 साली एक नियम स्पष्टपणे मांडला. पात्राच्या छेदाचे क्षेत्रफळ गुणिले पाण्याचा वेग म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी. नियम सोपा आहे, पण त्यातला 'वेग' कोणता? पात्रातले सगळे पाणी एकाच वेगाने धावत नाही. तळाला आणि काठाला ते जवळजवळ थांबलेले असते, मधोमध जोरात असते. म्हणजे वेग ही एक संख्या नव्हे. पात्रातल्या प्रत्येक बिंदूला स्वतःचा वेग व स्वतःची दिशा असते. या साऱ्या बिंदूंच्या वेगांचा मिळून जो नकाशा होतो, त्याला वेगक्षेत्र म्हणतात.

हा नकाशा कसा असेल याबद्दल पूर्वी मोठा गैरसमज होता. पिंपाच्या तळाशी भोक पाडले तर पाणी वरच्या भोकापेक्षा जोरात उडते. त्यावरून नदीतही खाली जावे तसा वेग वाढत असणार, असे अनेक विद्वान मानत. 1732 साली आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या सीन नदीत काचेच्या दोन नळ्या बुडवल्या. एक सरळ होती, दुसरीचे खालचे टोक काटकोनात वळवून प्रवाहाकडे तोंड केलेले होते. वाहते पाणी दुसऱ्या नळीत जास्त उंच चढते, आणि उंचीतल्या या फरकावरून वेग काढता येतो. पितोने निरनिराळ्या खोलींवर मोजणी केली, तेव्हा खाली जावे तसा वेग कमी होतो असे आढळले. तर्काने वर्षानुवर्षे टिकवलेली समजूत दोन नळ्यांनी मोडीत काढली.

पितोच्या नळीची मर्यादाही विद्यार्थ्यांना गणिताने दाखवता येईल. वेगाचा वर्ग भागिले 2g म्हणजे नळीतला चढ. सेकंदाला 1 मीटर वेग असेल तर चढ सुमारे 5 सेंटिमीटर येतो. वेग 30 सेंटिमीटरवर आला की चढ उरतो जेमतेम साडेचार मिलिमीटर. हलत्या पाण्यात तो वाचायचा कसा? म्हणून संथ प्रवाहासाठी जर्मन अभियंता वोल्टमान याने 1790 साली फिरत्या पात्यांचा मापक वापरात आणला. ठरावीक वेळात पाती किती फेरे घेतात, त्यावरून वेग कळतो. त्याच जातीचे मापक आजही कालव्यांवर वापरतात. एकाच ठिकाणी मोजायचे तर पृष्ठभागापासून खोलीच्या 0.6 इतक्या अंतरावर मोजतात, कारण तेथील वेग सरासरीच्या अगदी जवळ असतो.

घमेल्यातला समुद्र

मोजणी जे आहे ते सांगते. उद्या बंदरात धक्का बांधला तर काय होईल, हे सांगण्यासाठी प्रतिकृती लागते. 1885 च्या सुमारास ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने मँचेस्टरमध्ये मर्सी नदीच्या मुखाची लहानशी प्रतिकृती केली. आडवे अंतर सुमारे 32,000 पट लहान, उभे मात्र सुमारे 960 पटच लहान. तिच्यात भरती-ओहोटीचे एक चक्र एका मिनिटाच्या आत उरके. सपाट पसरलेल्या वाळूवर अशी हजारो चक्रे फिरवल्यावर खऱ्या नदीमुखासारखेच प्रवाहमार्ग उमटले.

आपल्याकडे हे काम पुण्याजवळ रुजले. मुंबई इलाख्याच्या सरकारने 1916 साली दख्खनच्या कालव्यांचे प्रश्न सोडवण्यासाठी एक खास विभाग सुरू केला. पुढे तो खडकवासला धरणाच्या पायथ्याशी आला, आणि 1937 मध्ये केंद्र सरकारने तो आपल्याकडे घेतला. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने त्याला आकार दिला. आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ते हेच. धरणाचे सांडवे, नद्यांची वळणे आणि मुंबईचे बंदर अशा अनेक प्रतिकृती येथे पाण्याने भरून तपासल्या गेल्या.

प्रतिकृतीतले घड्याळ वेगळे चालते. समजा, आडवे प्रमाण 1:400 आणि उभे 1:100 घेतले. वेगाचे प्रमाण उभ्या प्रमाणाच्या वर्गमुळाइतके, म्हणजे 1:10. मग वेळ 400 भागिले 10, म्हणजे 40 पटींनी आखडते. मुंबईची 12 तास 25 मिनिटांची भरती-ओहोटी साडेअठरा मिनिटांत संपते. एका दुपारी कित्येक दिवसांचा समुद्र पाहता येतो.

संगणक आल्यावर पाण्याच्या जागी समीकरणे आली. नाव्हिए (1822) आणि स्टोक्स (1845) यांची समीकरणे जुनीच होती, पण ती हाताने सोडवता येत नसत. आता पात्राचे हजारो चौकोन पाडून प्रत्येकातला वेग संगणक काढतो. मोजणीही पुढे गेली. 1964 मध्ये ये आणि कमिन्स यांनी लेसरच्या प्रकाशाने प्रवाहाचा वेग मोजून दाखवला. पुढे पाण्यात सोडलेल्या सूक्ष्म कणांची लागोपाठ छायाचित्रे घेऊन वेगक्षेत्राचा संपूर्ण काप एकदम टिपता येऊ लागला. तरीही गणिती प्रतिमान मोजणीवर पारखल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवत नाहीत.

हिंदमाताचे गणित

आता परळकडे परतू. मुंबईची बेटे जोडण्यासाठी 18व्या शतकाच्या अखेरीस वरळीजवळची खिंड बांधाने बुजवली. त्यामागची जमीन कोरडी झाली, पण सखलच राहिली. जुन्या पर्जन्यवाहिन्यांची आखणी ओहोटीच्या वेळी ताशी 25 मिलिमीटर पाऊस धरून झाली होती. 1993 च्या अहवालाने ही क्षमता 50 मिलिमीटर करावी असे सुचवले.

1 चौरस किलोमीटरवर तासात 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 50,000 घनमीटर पाणी, सेकंदाला सुमारे 14 घनमीटर. वाहिनीचा छेद 10 चौरस मीटर असेल तर पाणी सेकंदाला 1.4 मीटर वेगाने धावायला हवे. भरतीने मुखाशी पाणी चढले आणि वेग निम्मा झाला, तर तासाभरात 25,000 घनमीटर पाणी मागे राहते. ते एक-विसांश सखल भागात गोळा झाले तर अर्धा मीटर, म्हणजे गुडघाभर! उताराचा उपायही महाग. वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने दुप्पट वेगाला चौपट उतार लागतो. सपाट मुंबईत तो आणायचा कोठून?

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्याला अवघा 73 मिलिमीटर. त्यानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीच्या तपासात दिसले की शहराच्या 186 मुखांपैकी 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत आणि 135 भरतीच्या पातळीखाली. मिठी नदीचे गणिती प्रतिमान खडकवासल्याला तपासले गेले. हिंदमातासाठी रे रोडजवळ ब्रिटानिया उदंचन केंद्र उभे राहिले आणि 2021 पासून परळ-दादरच्या मैदानांखाली साठवण टाक्या बांधल्या गेल्या. म्हणजे जेथे उतार वेग देत नाही तेथे पंप वेग देतो, आणि तोही अपुरा पडला तर टाकी वेळ मिळवून देते.

वर्गात हे करून पाहता येईल. शाळेजवळच्या सुरक्षित, उथळ पन्हळीत 5 मीटर अंतर आखा. मध्यभागी झाडाचे पान सोडून वेळ मोजा. मिळालेल्या वेगाला 0.85 ने गुणले की सरासरी वेगाचा अंदाज येतो. मग पन्हळीची रुंदी आणि पाण्याची खोली मोजून कास्टेलीचा गुणाकार करा. पुढे पान काठाजवळून सोडून पुन्हा मोजा. दोन आकडे वेगळे का आले, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.