उसाच्या रांगेपासून वेबपर्यंत : ‘ऑब्जेक्ट’चा इतिहास

१/ १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गाळपाच्या हंगामात वजनकाट्यापुढे उसाच्या गाड्यांची रांग लागे. कोणती गाडी किती थांबली, काटा किती वेळ रिकामा राहिला, हे प्रश्न रोजचेच.

२/ अशाच रांगांचे गणित संगणकावर मांडण्यासाठी १९६०च्या दशकात ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी ‘सिम्युला’ ही भाषा घडवली. ‘सिम्युला ६७’मध्ये क्लास, ऑब्जेक्ट आणि वारसा या संकल्पना प्रथम एकत्र आल्या.

३/ कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर ‘ऊस उत्पादक’ हा क्लास, म्हणजे कोरा नमुना. नाव, क्षेत्र, टनेज हे रकाने आणि बिल काढण्याची रीत, दोन्ही त्यातच. एकेका शेतकऱ्याची भरलेली नोंद म्हणजे ऑब्जेक्ट. ‘सभासद’ हा त्याच नमुन्याचा वारस. त्यात भर केवळ भागभांडवलाची.

४/ १९७९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी हा विचार ‘सी’ भाषेत आणण्यास आरंभ केला. १९८३ साली तिला ‘सी++’ हे नाव मिळाले.

५/ त्याच वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. नगर जिल्ह्यात लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे, साखर कारखान्यांच्या परिसरातच, महाविद्यालये निघाली. दार गावाजवळ उघडले. परंतु अनुदान नसल्याने शुल्काचा भार पालकांवर आला.

६/ १९९५ साली ‘जावा’ आणि रासमुस लेर्डोर्फ यांची ‘पीएचपी’ प्रकाशात आली. आरंभीच्या वेबपानांत मजकूर आणि हिशेब यांची सरमिसळ असे. समजा, उसाचा दर बदलला, तर पानोपानी दुरुस्ती करावी लागे. जुलै २००४ मधील ‘पीएचपी ५’ने ऑब्जेक्टची सक्षम रचना दिली, तीच दुरुस्ती एका क्लासमध्ये करणे सुलभ झाले.

७/ आज ‘क्लास म्हणजे काय?’ याचे उत्तर अनेक विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. ही संकल्पना व्याख्येतून नव्हे, ताटकळणाऱ्या रांगेच्या प्रश्नातून जन्मली. ज्याच्या घरी उसाचे बिल येते, त्या विद्यार्थ्याला तो प्रश्न पुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक असतो.