धोपटीला चाके फुटली

माणसाची पारख त्याच्या पुस्तकांच्या कपाटावरून करावी, असे शिकलेले लोक सांगतात. माझे मत निराळे आहे. माणूस ओळखायचा तर त्याची हत्यारे कुठे असतात ते पाहावे. तुमच्या-आमच्यासारख्या पांढरपेशा घरात हत्यारांना एकच घर असते : कधीकाळच्या मिठाईचा पत्र्याचा डबा. त्यात बोथट पक्कड, मूठ निसटलेला स्क्रू ड्रायव्हर, गंजलेले खिळे, दोन मेलेले सेल आणि कोणत्या कुलपाची ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही अशी एक किल्ली, एवढी मंडळी गुण्यागोविंदाने नांदतात. खिळा ठोकायची वेळ आली की डबा जमिनीवर उपडा होतो. हातोडी त्यात नसतेच. मग वरवंटा येतो.

कारागिराचे असे चालत नाही. त्याचा इतिहास मुळी पिशवीपासून सुरू होतो. जुन्या गावात न्हाव्याची धोपटी असे. वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी, फणी, वाटी आणि आरसा, असे सारे दुकान तिच्यात मावे. काखेत मारली की दुकान चालू लागले. पारावर उलगडली की दुकान उघडले. भाडे नाही, पाटी नाही, आणि गिऱ्हाइकाची मान आपल्या हातात! एवढी सुरक्षित उधारी आजच्या कुठल्याही व्यापाऱ्याला साधलेली नाही. (न्हावरे गावाचे नाव आणि न्हावी यांचा काही संबंध लावण्याचा माझा विचार नाही. आमच्याकडे गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगणाऱ्याला निदान तीन जण तरी चूक ठरवतात.)

सुताराचे बिऱ्हाड याहून मोठे. वाकस, किकरे, पटाशी, रंधा, सामता, करवत. ते काखेत मारता येत नाही. पण मारायचे तरी कशाला? शेतकरीच मोडका नांगर घेऊन त्याच्याकडे येई. सुतार काय, लोहार काय, गावात त्यांची जागा ठरलेली, काम ठरलेले, आणि सुगीला खळ्यावर मिळणारे बलुतेही ठरलेले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली या व्यवस्थेवर पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘गावगाडा’. नाव झकास आहे. गंमत एवढीच, की या गाड्यात बसलेला माणूस जागचा हलत नसे. सुताराच्या पोराने सुतारच व्हायचे, आणि मानाची पायरी जन्मानेच ठरलेली. जागा पक्की होती, तशी ती कोंडीही होती.

जागा नसलेले एक कारागीर मात्र फिरत असत : घिसाडी. त्यांची बैलगाडी म्हणजे संसार आणि कारखाना एकाच छपराखाली. भाता, ऐरण, घण, सांडशी, पोरेबाळे आणि कोंबड्या. ऐरण उतरली की गाव वसले, ऐरण चढली की गाव उठले. आजच्या कामाच्या व्हॅनचे खरे पूर्वज हेच.

आणि हा प्रकार आपल्याकडचाच नव्हे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९३६ साली नांगरताना ओक लाकडाची एक पेटी वर आली. व्हायकिंग काळातली, जवळजवळ हजार वर्षांपूर्वीची. लांबी सुमारे तीन फूट, आणि आत-बाहेर मिळून दोनशेहून अधिक वस्तू : ऐरण, हातोडे, करवती, कुऱ्हाडी, कानशी, कुलुपे, किल्ल्या. लोहार आणि सुतार दोघांचीही हत्यारे एकत्र; म्हणजे हा गृहस्थ मिळेल ते काम करत असणार. ‘उद्या नक्की येतो’ असे तो ज्या गिऱ्हाइकाला सांगून निघाला, ते अजून वाट पाहत असेल, असे मला उगीचच वाटते.

आपला गावगाडा मोडला तो हळूहळू. कारखान्याचे लोखंडी नांगर आले, मोटेच्या जागी इंजिन आले, मग विजेचा पंप आला. १९५८च्या कायद्याने गावकामगारांची कनिष्ठ वतनेही नाहीशी करायची ठरली. त्याच १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली आणि हॅम्बर्गच्या एका कंपनीची तीनचाकी आपल्याकडे तयार होऊ लागली. ‘टेम्पो’ हे त्या जर्मन कंपनीच्या गाड्यांचे नाव. मराठी माणसाने ते असे काही उचलले, की आज कुठल्याही कंपनीची मालगाडी आपल्याला टेम्पोच. २००५ साली कंपनीने स्वतःचे नाव बदलून फोर्स मोटर्स केले. मराठीने बदलले नाही.

आता न्हावऱ्यात या. शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. (चौफुल्याला जाणारा प्रत्येक जण तमाशालाच जातो असे नाही, हे त्या रस्त्यावरचे सगळेच आवर्जून सांगतात.) घोडगंगा साखर कारखान्यामुळे गावाचे नाव पंचक्रोशीबाहेर गेले. ऊस म्हटला की पाणी, पाणी म्हटले की पंप, आणि पंप म्हटला की तो वैशाखातच बिघडणार. म्हणून इथे पंपाच्या मिस्त्रीला डॉक्टरपेक्षा चार आणे मान जास्त. माणूस दोन दिवस कळ काढतो. ऊस काढत नाही.

आमच्या ओळखीच्या मिस्त्रींचे आजोबा सुतार, मोटेची चाके करणारे. नातवाकडे आहे जुनी ओम्नी. मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली, २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. हिंदी सिनेमात तिच्या सरकत्या दारातून नायिका पळवीत. न्हावऱ्यात तिच्यातून जळालेल्या मोटारी पळवतात. मागची आसने काढून मिस्त्रींनी लोखंडी अँगलचा सांगाडा तळाला बोल्टने आवळला आहे, आणि त्यावर प्लायवूडचे खण. चेन-पुली आणि मोठे पाइप-पाने सगळ्यात खाली, चाकांच्या लगत. वरती वायसर, टेप, फ्यूजच्या तारा. जड वर ठेवले तर वळणावर गाडी झुकते. प्रत्येक खणाच्या पुढे बोटभर पट्टी, म्हणजे गतिरोधकावर नट-बोल्ट खाली उड्या मारीत नाहीत. चालकाच्या पाठीमागे जाळी, कारण ब्रेक लागतो तो गाडीला. हातोडीला कुणी ब्रेक लावत नाही. ती पुढेच जाते. रोजची हत्यारे दाराशी, वर्षाकाठी लागणारी आत. एल्बो, टी आणि सॉकेट यांना तेलाच्या डब्यांची तोंडे कापून केलेली स्वतंत्र घरे.

“मिस्त्री, हे सगळं ध्यानात कसं राहतं हो?” मी विचारले.

“काका, मला कुठं ध्यानात हाय? हाताला हाय. रात्री इहिरीवर लाइट गेली, तरी हात बरोबर सतराच्या पान्यावर जातो.”

यातले नवीन काय, म्हणाल तर काहीच नाही. जड खाली, हलके वर हा उतरंडीचा नियम. प्रत्येकाला आपापली वाटी हा मिसळणाच्या डब्याचा. आपल्या आज्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात जिऱ्याऐवजी मोहरी कधी घेत नसत. जपान्यांनी यालाच पाच ‘एस’ म्हटले आणि जगभरच्या कारखान्यांत भिंतीवर फलक लावले. मिस्त्रींच्या मुलाने आयटीआयमध्ये ते पाठ केले आहेत. आजीचे नियम पाठ करायला आधी ते जपानला जाऊन यावे लागतात, असा आपला रिवाजच आहे.

त्या मुलाला रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी हवी आहे. तिथे फळीवर हत्याराची आकृती काढलेली असते; पाना काम संपले की आपल्या आकृतीत परततो. पगार महिन्याला, वैशाखाची धावपळ नाही. मिस्त्री ‘जा’ म्हणत नाहीत आणि ‘नको’ही म्हणत नाहीत.

“आज्ज्याला दुसरं काही व्हायची मुभा नव्हती,” ते म्हणाले. “याला हाय. मग मी कशाला अडवू?”

मला वाटते, इतिहास इथे येऊन थांबला आहे. गावाने जागा दिली तेव्हा ती सोडायची सोय नव्हती. ती जागा गेली, तेव्हा या माणसाने स्वतःचाच गाडा केला आणि गावाने आजोबांना दिली नव्हती इतकी मोकळी, नेटकी जागा आपल्या प्रत्येक पान्याला दिली. आता मुलगा ठरवील. पण परवा पाहिले, तर एल्बोंच्या डब्यांवर त्याच्या अक्षरात मापाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, “मला त्याची गरज न्हाई.” तरी एकही चिठ्ठी त्यांनी काढलेली नव्हती.